गाडी कुणाच्या नावावर घेताय?

तुमच्या घरात सध्या असं काही बोलणं चाललं आहे का पाहा. यजमान आठ-दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, किंवा चाकण-रांजणगावकडच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर होते आणि कंत्राट संपलं. रात्री जेवताना विषय निघतो, "किती दिवस मालकाची बोलणी खायची? आपली स्वतःची गाडी घेऊ या." मेव्हण्यानं कुठूनतरी माहिती आणलेली असते, शोरूमच्या माणसाचे दोन फोन येऊन गेलेले असतात, आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकत असता.

गाडी म्हणजे मोटारी वाहून नेणारी. तुम्ही रस्त्यानं पाहिली असेल. मागं सपाट लोखंडी पाट असतो, तो सरकून जमिनीला टेकतो, तारेनं मोटार हळूहळू वर ओढून घेतात आणि चाकं पट्ट्यांनी आवळून बांधतात. कारखान्यातून सहा-आठ नव्या मोटारी रचून नेणारे ते लांबलचक ट्रेलर वेगळे. ती कामं बहुतेक मोठ्या वाहतूक कंपन्यांकडे असतात. एकट्या माणसाला तिथं शिरकाव मिळणं कठीण. पण बदली झालेल्या साहेबांची मोटार पुण्याहून नागपूरला पोचवायची, जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याचा माल एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा, घाटात बंद पडलेली गाडी वर्कशॉपला आणायची, ही कामं लहान गाडीवाल्याला मिळतात. धंदा वाईट नाही. मेहनती माणसाचं घर त्यावर चालतं.

पण ह्या सगळ्या बोलण्यात तुमचा सहभाग बहुधा एका गोष्टीपुरता असतो. एके दिवशी तुम्हाला सांगतात, "उद्या जरा लवकर आवर, सही करायला जायचंय." ती सही कशावर आहे आणि तिच्यामुळे पुढं काय काय होतं, हे त्या सहीच्या आधी माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे.

डाऊन पेमेंट म्हणजे सगळा खर्च नव्हे

शोरूममधला माणूस दोनच आकडे सांगतो, आधी भरायचे किती आणि महिन्याचा हप्ता किती. हिशेबासाठी आपण धरू की गाडी आणि मागची बांधणी मिळून पंचवीस लाख झाले. पाच लाख आपले, वीस लाख कर्ज. दर साल ११ टक्के व्याजानं, कमी होत जाणाऱ्या रकमेवर, पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४३,४८५ रुपये बसतो. पाच वर्षांत सव्वीस लाख नऊ हजारांच्या आसपास भरले जातात.

इथं एक खोच आहे. कधीकधी फायनान्सवाला म्हणतो, "ताई, आमच्याकडे फक्त सात टक्के!" तेव्हा शांतपणे विचारा, "फ्लॅट की रिड्यूसिंग?" फ्लॅट सात टक्के म्हणजे वीस लाखांवर पाच वर्षांचं व्याज सरळ सात लाख. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या वीस लाखांवरच. हप्ता येतो ४५,००० रुपये, आणि नेहमीच्या पद्धतीनं मोजलं तर हा दर साडेबारा टक्क्यांचा होतो. म्हणजे सात टक्केवाला अकरा टक्केवाल्यापेक्षा महाग! भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना हे समजायला दोन मिनिटं लागतात. ह्यांना मात्र दोन वर्षं लागतात, असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

आणखी खर्च पाहा. ट्रक पुष्कळदा नुसत्या चासीच्या रूपात येतो. मागचा सरकता पाट, हायड्रॉलिक, विंच हे बॉडी बांधणाऱ्याकडून करून घ्यावं लागतं आणि त्याचं बिल वेगळं असतं. मग नोंदणी, कर, पासिंग, परवाना. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला परवाना लागत नाही, पण मोटार उचलणारी गाडी बहुधा त्याच्या वरच जाते. राज्याबाहेर जायचं तर राष्ट्रीय परवाना, त्याचं एकत्रित शुल्क वर्षाला १६,५०० रुपये. पासिंग आठ वर्षांच्या आतल्या गाडीला दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. फास्टॅगमध्ये पैसे, पट्टे, रॅचेट, चाकाला लावायचे ठोकळे, गाडी उभी करायची जागा. आपल्या गल्लीत ती मावत नसते, हे गाडी आल्यावर लक्षात येतं.

सगळ्यात दुर्लक्षित खर्च म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांचा. डिझेल आणि टोल रोख जातो. भाड्याचे पैसे मात्र व्यापारी आणि वर्कशॉपवाले महिन्या-दीड महिन्यानं देतात. शिवाय पुण्याहून नागपूरला मोटार सोडली की परतीचं भाडं मिळेलच असं नाही. रिकामी गाडीही डिझेल पितेच. म्हणून निदान तीन हप्त्यांची रक्कम, आपल्या उदाहरणात १,३०,४५५ रुपये, हात न लावता बाजूला असली पाहिजे, आणि तीही डाऊन पेमेंट भरून झाल्यावर. ती नसेल तर गाडी सहा महिन्यांनी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बांगड्या मोडून डाऊन पेमेंट करणं एक वेळ समजू शकते, पण डाऊन पेमेंटनंतर पहिल्या हप्त्यासाठी बांगड्या मोडणं म्हणजे धंदा सुरू होण्याआधीच खिळखिळा झाला.

सक्तीचा विमा तुमच्यासाठी नसतो

आता विम्याकडे येऊ. "विमा काढलाय ना? झालं तर!" असं आपण म्हणतो. कोणता विमा, हे विचारत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई विमा कंपनी देते. हा फार मोलाचा आधार आहे, कारण न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई कधीकधी घर विकूनही फिटणार नाही इतकी असते. पण ह्या विम्यातून तुमच्या गाडीचा पत्रासुद्धा सरळ करून मिळत नाही.

त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे, एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला वर्षाला १६,०४९ रुपये, त्यापुढं बारा हजार किलोपर्यंत २७,१८६ रुपये, वर कर वेगळा. नूतनीकरणाच्या वेळी त्या दिवसाचा दर विचारून घ्यावा हे उत्तम. साडेसात टनांचा हा आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. मोटारीचं साधं लायसन असलेला माणूस तेवढ्या वजनापर्यंतची मालगाडी चालवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं तेच कायम केलं. त्यावरच्या गाडीला जड वाहनाचं लायसन लागतं. ते नसेल, किंवा पासिंग, परवाना संपलेला असेल, तर विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करते. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी तो. हे वाक्य पुढं कामाला येणार आहे.

आपल्या गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते. बाजारात तिला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. नाव फसवं आहे. व्यापारी गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेट आणि बाजूचे भाग, रंग ह्यांचं नुकसान सहसा धरलेलं नसतं. घाटात घासलं की नेमकं हेच जातं! ते हवं असेल तर 'आय.एम.टी. २३' नावाची जोड घ्यावी लागते, त्याला थोडा जास्त हप्ता पडतो. शिवाय रबर-प्लॅस्टिकच्या भागांची किंमत देताना निम्मी घसाऱ्यात कापतात.

पॉलिसीवर 'आय.डी.व्ही.' असं लिहिलेलं असतं. गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर जास्तीत जास्त किती मिळणार तो हा आकडा. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला किमतीच्या ९५ टक्के, मग दरवर्षी उतरत उतरत पाचव्या वर्षात ५० टक्के. इथं तुम्ही एक काम करा. चासीचं बिल आणि बॉडीचं बिल शेजारी ठेवा, बेरीज करा आणि पॉलिसीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. पुष्कळदा एजंट नुसत्या चासीच्या किमतीवर विमा काढतो, हप्ता कमी दिसतो, आणि पाच-सहा लाखांचा पाट, हायड्रॉलिक, विंच सगळं विम्याच्या बाहेर राहतं. आमच्या ओळखीच्या एका घरात अगदी हेच झालं. गाडी उलटली, चासीचे पैसे मिळाले, पाटाचं काही नाही. बॉडीच्या कर्जाचे हप्ते मात्र दोन वर्षं चालू होते.

हप्त्याचा चेक परत गेला तर विमा नाहीच असं समजा. पैसे हाती आल्याशिवाय विमा कंपनीवर जोखीम येत नाही, असा कायदाच आहे. म्हणून पॉलिसीचा कागद आला तरी खात्यातून रक्कम खरोखर गेली का ते पासबुकात पाहावं.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. "नाहीतरी गाडी सोलापूरला रिकामीच चाललीय, तुला आणि पोरांना माहेरी सोडतो," असं हे म्हणतील. मोह होतो, एस.टी.चे पैसे वाचतात. पण मालगाडीतून फुकट जाणारे प्रवासी थर्ड पार्टी विम्यात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या निकालापासून स्पष्ट केलं आहे. वाहून नेलेल्या मालाचा मालक किंवा त्याचा माणूस केबिनमध्ये असेल तर त्याला संरक्षण आहे. तुम्हाला आणि पोरांना नाही. एस.टी.नं जा, बाई.

चालवणार ते, मालक तुम्ही?

आता लेखाच्या मथळ्याकडे येते.

गाडी बायकोच्या नावावर घ्यायची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. कधी ह्यांचं जुनं कर्ज थकल्यामुळे बँकेत पत उरलेली नसते. कधी बाईच्या नावावर व्याज थोडं कमी पडेल म्हणून सांगतात. कधी ज्योतिषी सांगतो. बायकोला बरं वाटतं, नातेवाइकांत मान मिळतो. त्यात काही चूक नाही. पण गाडीच्या मालकाला मिळणारं एक मोठं संरक्षण अशा वेळी गळून पडतं आणि ते कुणीच सांगत नाही.

स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी पंधरा लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून ही रक्कम पंधरा लाख झाली. हप्ता किरकोळ असतो. गाडी चालवताना मालक दगावला तर हे पैसे वारसाला मिळतात. पण त्याला तीन अटी आहेत. तो माणूस नोंदणीपुस्तकात, म्हणजे आर.सी.वर, मालक असला पाहिजे. पॉलिसी त्याच्याच नावावर असली पाहिजे. आणि त्याच्याकडे चालू लायसन पाहिजे.

गाडी तुमच्या नावावर, लायसन तुमच्याकडे नाही, चालवतात हे. मग तुम्हाला तो विमा मिळत नाही, कारण तुम्ही चालवत नाही. ह्यांना मिळत नाही, कारण हे मालक नाहीत. उद्या रात्री खंबाटकीत गाडी दरीत गेली, चूक दुसऱ्या कुठल्या गाडीची नसली, तर पंधरा लाखांतला एक रुपया घरात येत नाही. "मग थर्ड पार्टीतून मिळतील की, हे कुठं मालक आहेत?" असं वाटेल. तेही सहसा नाही. मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा आहे असं समजायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये म्हटलं आहे. तो तिसरा माणूस ठरत नाही. चूक समोरच्या गाडीची असेल तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते, ती वाट मोकळी आहे. पण एकट्यानंच गाडी उलटली तर?

काही एजंट सांगतात, "दाखवू ना त्यांना पगारी ड्रायव्हर म्हणून!" पगारी ड्रायव्हर-क्लीनरसाठी अगदी थोड्या रकमेत जोडविमा मिळतो हे खरं, आणि परका माणूस ठेवला असेल तर तो अवश्य घ्यावा. पण नवरा बायकोचा पगारी ड्रायव्हर आहे हे सिद्ध करायला खराच पगार आणि त्याचा पुरावा लागतो. दर महिन्याला तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात पगार जात नसेल तर हा आधार तकलादू आहे.

तेव्हा सरळ मार्ग दोन. जो चालवणार त्याच्याच नावावर गाडी आणि पॉलिसी घ्या. किंवा गाडी तुमच्याच नावावर घेणं भाग असेल तर ह्यांच्या नावानं स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढा, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'ड्रायव्हर' असंच लिहा. 'व्यापार' लिहून हप्ता वाचवायला जाऊ नका, दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं. त्याच्या बरोबरीनं बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना घ्याच. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख. जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाख. ती घ्यायला वय पन्नासच्या आत लागतं. एवढ्यानं संसार चालत नाही, पण पहिले चार महिने निघतात.

आणि गाडी तुमच्या नावावर असली की वर सांगितलेली ती वसुली तुमच्याकडून होते. लायसनची मुदत ह्यांची संपलेली, नोटीस तुमच्या नावाची!

पाठीवर दुसऱ्याची लक्ष्मी

कांदे नेणाऱ्या ट्रकपेक्षा हा धंदा एका बाबतीत वेगळा आहे. इथं माल म्हणजे कुणाचीतरी आठ-दहा लाखांची मोटार, त्याच्या जिवाचा तुकडा. तिला ओरखडा गेला तर कोण भरणार?

तुमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा नाही. पॅकेज पॉलिसीही नाही. गाडीवरून वाहून नेत असलेली वस्तू दोन्हींतून वगळलेली असते. ह्यासाठी वाहतूकदाराच्या जबाबदारीची वेगळी पॉलिसी मिळते, 'कॅरिअर्स लीगल लायबिलिटी' ह्या नावानं मागावी. घेताना एवढं विचारा की मोटार चढवताना आणि उतरवताना झालेलं नुकसान त्यात धरलं आहे का. तार सुटते, पट्टा निसटतो, मोटार पाटावरून घसरते, हे सगळं तेव्हाच होतं.

गिऱ्हाईक म्हणेल, "माझ्या मोटारीचा फुल इन्शुरन्स आहे, काळजी करू नका." खरं आहे, मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत ती दुसऱ्या गाडीवरून नेताना झालेलं नुकसानही येतं. पण त्याची विमा कंपनी त्याला पैसे देते आणि तो हक्क स्वतःकडे घेऊन तुमच्या दारात येऊ शकते. गिऱ्हाईक हसतमुखानं निघून जातं आणि सहा महिन्यांनी वकिलाची नोटीस येते.

रस्त्यानं मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे, तो २०११ पासून लागू झाला. माल गोळा करून पावतीवर वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्यानं त्याखाली नोंदणी करायची असते. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल अशी काही कारणं सोडली तर मालाची जबाबदारी वाहतूकदारावर. मात्र गिऱ्हाइकानं जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर ती जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि सांगितलेल्या किमतीच्या आत मर्यादित धरण्याची सोय नियमांत आहे. बारा हजार भाडं असेल तर एक लाख वीस हजार. हा फायदा कागद नीट असेल तरच. कच्च्या चिठ्ठीवर, तोंडी बोलीवर काम केलं की तो मागायलाही तोंड राहत नाही.

इथं तुमचा हात लागू शकतो. मोटार चढवण्याआधी चारी बाजूंचे, छताचे आणि काचांचे फोटो काढून ह्यांनी तुम्हाला मोबाइलवर पाठवायचे. आधीचे ओरखडे, किलोमीटरचा आकडा, आत काय काय सामान आहे हे पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. पोचल्यावर पुन्हा तसंच. तुम्ही ते तारखेप्रमाणे जपून ठेवा. लाइटबिलं आणि गॅसच्या पावत्या वर्षानुवर्षं जपणाऱ्या बाईला हे काही जड नाही. भांडण झालं की पहिला प्रश्न "हा ओरखडा आधीचा का नंतरचा" हाच असतो.

सही कशावर करताय?

कर्जाच्या कागदांवर तुमची सही सहकर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून घेतात. "नावापुरती आहे हो वहिनी," असं सांगतात. नावापुरता जामीन असा प्रकार कायद्यात नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडे मागा, मग माझ्याकडे या, असंही म्हणता येत नाही. कोऱ्या चेकवर सही मागितली तर निदान किती चेक, कोणत्या नंबरचे, हे लिहून त्याची पोच घ्या.

गाडीच्या आर.सी.वर फायनान्सवाल्याचा बोजा चढतो, पॉलिसीवरही त्याचं नाव येतं. गाडी पूर्ण गेली तर विम्याचे पैसे आधी त्याला, उरले तर तुम्हाला. म्हणून कर्जाइतका आयुर्विमा ह्यांच्या नावानं हवाच. तो घेताना एक जुना कायदा आठवणीत ठेवा, विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा, १८७४ सालचा. नवऱ्यानं बायको-मुलांच्या हितासाठी म्हणून ह्या कायद्याखाली आयुर्विमा घेतला तर ती रक्कम त्यांचीच राखीव ठेव होते, नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. त्यासाठी पॉलिसी घेतानाच वेगळा फॉर्म भरावा लागतो, मागाहून होत नाही. एजंट स्वतःहून क्वचित सांगतो. आपण मागायचा. पण तुम्ही स्वतःच सहकर्जदार असाल तर देणं तुमचंही आहे, तेव्हा ही ढाल तितकी अभेद्य राहत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र तोलूनच सही करायची.

जुनी गाडी घेत असाल तर एवढंच पाहा. आर.सी. नावावर झाली म्हणजे पॉलिसी झाली असं नाही. थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यायचं. थकलेले ई-चलन आणि कर आधीच्या मालकाकडून आधी भरून घ्या.

शेवटी न बोलण्याची गोष्ट बोलते. अपघात झालाच तर मे २०२५ पासून सरकारची योजना लागू आहे, तिच्यात रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या कुणावरही नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवस, दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार होतात. ह्यांच्या क्लीनरलाही हे सांगून ठेवा.

आणि गाडीचा मालक गेला तर? पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, ती चालू राहते. परवानाही वारसाला तीन महिने वापरता येतो, मात्र तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावं लागतं. आर.सी.साठीही तसंच, तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा. तेराव्या-चौदाव्याच्या गडबडीत, पाहुण्यांच्या येण्याजाण्यात हे तीस दिवस कधी निघून जातात कळत नाही, आणि गाडी दारात उभी राहून हप्ते मात्र चढत जातात. २०२१ पासून आर.सी.वर वारसाचं नाव नोंदवता येतं. नव्या गाडीला नोंदणीच्या वेळीच, आणि आधी घेतलेल्या गाडीला नंतर अर्ज करून. तुमच्याकडे गाडी आधीच असेल तर कपाटातली आर.सी. आज काढा आणि तो रकाना कोरा आहे का ते पाहा.